इंजिन उतरवावें, कीं जागच्या जागींच दुरुस्त करावें?

कुटुंबांतील लहानथोर सर्वांनीं वाचावयाच्या या मासिकांत मालमोटारीच्या इंजिनाची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या, विशेषतः भगिनीवर्गाच्या, मनांत येईल हें मी जाणून आहें. परंतु ज्या घरचा एखादा तरुण मालमोटारीवर उपजीविका करितो, त्या घरीं इंजिनाचा विषय ओसरीवरून माजघरापर्यंत येऊन पोंचतो. आणि तो तेथें पोंचला म्हणजे दागिन्यांच्या डब्याचें झांकण उघडावें लागतें. आमच्या घरीं असा प्रसंग दोन वेळां आला. पहिल्या वेळचा निर्णय माझ्या सल्ल्यानें झाला, आणि तो चुकला. ती चूक कशी झाली याचा शोध घेतां घेतां जें थोडेंबहुत समजलें, तें इतरांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें सांगत आहें.

माझ्या वडील बंधूंचा मुलगा कोल्हापुराहून आंबा घाटानें रत्नागिरीकडे माल नेतो. जातांना गूळ किंवा साखर, येतांना मिळेल तें. गाडी सहा सिलिंडरांची, डिझेलवर चालणारी. बँकेचे हप्ते चालू. २०२१ सालच्या पावसाळ्यानंतर घाट चढतांना गाडीची ओढ कमी पडूं लागली, मागून निळसर धूर येऊं लागला, आणि दर फेरीस इंजिनांत तेल ओतावें लागूं लागलें. मिस्त्रीनें दोन मार्ग सांगितले. एक, इंजिन गाडीवरच ठेवून वरचें हेड व खालचें तेलाचें चेंबर उघडावयाचें आणि पिस्टन-रिंगा बदलावयाच्या. दुसरा, इंजिन सबंध उतरवून, सर्व भाग सुटे करून, मोठें काम करावयाचें. दुसऱ्या मार्गाचा खर्च पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि त्यासाठीं वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या असत्या. पुतण्यानें मला विचारलें, “काका, काय करूं?” मीं म्हटलें, “अरे, एक फांदी वाळली म्हणून कोणी झाड उपटीत नाहीं. जागच्या जागींच करून घे.” हें वाक्य घरांत सर्वांना फार पटलें. वाक्य गोंडस होतें. पण त्याच्या पाठीशीं एकही माप नव्हतें. चौदा महिन्यांनीं तोच निळा धूर पुन्हा दिसूं लागला.

चूक समजण्यासाठीं या यंत्राचें तत्त्व थोडक्यांत पाहिलें पाहिजे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. आजच्या मालमोटारींतही मूळ तत्त्व तेंच आहे. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन वर येतांना सिलिंडरांतील हवा मूळ जागेच्या सुमारें सोळाव्या ते अठराव्या हिश्शांत कोंडली जाते. त्या दाबानें ती पांचशें अंश सेंटिग्रेडच्याही वर तापते, आणि तींत डिझेलचा फवारा पडतांच तें आपोआप पेट घेतें. म्हणजे दाब हाच या यंत्राचा जठराग्नि होय. पिस्टनभोंवतीं बसविलेल्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीस घट्ट टेंकून हा दाब राखतात आणि खालचें तेल वर येऊं देत नाहींत. भिंत किंवा रिंगा झिजल्या, कीं दाब खालीं निसटतो व तेल वर चढून जळूं लागतें. मग ओढ कमी होते आणि निळा धूर दिसतो.

परंतु येथेंच पहिली सावधगिरी राखली पाहिजे. एका लक्षणास अनेक कारणें असूं शकतात. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, इतकेंच निश्चित. तें तेल रिंगांवाटे आलें, व्हॉल्व्हच्या मार्गदर्शक नळीवाटे आलें, कीं टर्बोचार्जरच्या सीलमधून आलें, हें धुराचा रंग सांगत नाहीं. काळा धूर हवा कमी पडल्यामुळें किंवा डिझेल जास्त पडल्यामुळें येतो. त्याचें मूळ चोंदलेल्या हवेच्या फिल्टरांत किंवा बिघडलेल्या नोझलांतही असूं शकेल. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असेल किंवा आंत शिरलेल्या पाण्याच्या वाफेचा असेल. चेंबरांतील तेल ताकासारखें दिसूं लागलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें. इंजिन तापल्यावर तेलाचा दाब उतरत असेल तर क्रँकचीं बेअरिंगें झिजलीं असण्याचा संशय घ्यावा. पण तेलाचा पंप किंवा पातळ झालेलें तेल हेंही कारण असूं शकतें. यांपैकीं कित्येक दोष असे आहेत कीं, त्यांच्यासाठीं इंजिन उतरविण्याचीच काय, उघडण्याचीही गरज नसते.

दुसऱ्या वेळीं पुतण्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेला, आणि या खेपेस मीही बरोबर गेलों. त्यानें पाना हातांत घेण्यापूर्वीं अर्धा दिवस केवळ परीक्षा करण्यांत घालविला. एकेका सिलिंडरचा पिस्टन अगदीं वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतांना, त्यानें नोझलच्या जागेंतून आंत दाबाची हवा सोडली आणि ती कोठून निसटते तें ऐकलें. हवा येण्याच्या नळींत फुसकारा ऐकूं आला तर आंत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. धुराच्या नळींत ऐकूं आला तर बाहेर सोडणारा. रेडिएटरांत बुडबुडे आले तर हेडचें गॅस्केट फुटलें आहे किंवा कोठें तरी तडा आहे. आणि तेल भरण्याच्या तोंडाशीं वारा लागला तर रिंगा व भिंत यांच्यामधून दाब जातो आहे. “मास्तर,” तो मला म्हणाला, “कुठं दुखतंय ते इंजिन आपणच सांगतं. आपण कान लावायचा, एवढंच.” आमच्या गाडींत सहापैकीं चार सिलिंडरांचा वारा तेलाच्या तोंडाशीं लागत होता. दोष रिंगांच्या जागीं होता, हें आतां तर्कानें नव्हे तर प्रत्यक्षानें ठरलें.

तरीही “उतरवावें कीं नाहीं” हा प्रश्न शिल्लकच होता. आणि त्याचें उत्तर सिलिंडर कोणत्या जातीचा आहे यावर पुष्कळसें अवलंबून असतें, ही गोष्ट मला पहिल्या वेळीं मुळींच ठाऊक नव्हती. कांहीं इंजिनांत सिलिंडरची भिंत ही ब्लॉकांत बसविलेली एक सुटी नळी असते. तिला लायनर किंवा स्लीव्ह म्हणतात. त्या नळीच्या बाहेरून प्रत्यक्ष थंड करणारें पाणी खेळत असेल तर तो ओला लायनर. तो ओढून काढण्याच्या साधनानें, इंजिन गाडीवर असतांनाच, वर ओढतां येतो व नवा बसवितां येतो. नळी ब्लॉकच्या लोखंडाला सर्व बाजूंनीं चिकटून असेल व पाणी त्या लोखंडापलीकडे असेल तर तो कोरडा लायनर. तो कित्येकदां इतका घट्ट बसलेला असतो कीं, काढण्यास व बसविण्यास मोठा दाब लागतो. आणि तिसऱ्या जातींत लायनरच नसतो. सिलिंडर थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडांत कोरलेला असतो. कमिन्स कंपनीचें बी मालिकेंतील १०२ मिलिमीटर व्यासाचें, सहा सिलिंडरांचें ५.९ लिटर इंजिन हें या तिसऱ्या जातीचें प्रसिद्ध उदाहरण होय. भिंत झिजल्यास ती पुन्हा वर्तुळाकार कोरून मोठ्या मापाचे पिस्टन घालणें, हाच अशा इंजिनांत सरळ उपाय. हें कोरण्याचें काम मोठ्या यंत्रावर चालतें, आणि त्यासाठीं ब्लॉक तेथें न्यावाच लागतो. सहा सिलिंडरांचें असें इंजिन चारपांचशें किलोचें. चेनकप्पीवांचून तें हलत नाहीं.

आतां जागच्या जागीं काय काय होऊं शकतें तें पाहूं. कारण हा मार्ग सर्वस्वीं टाकाऊ आहे असा ग्रह कोणी करून घेऊं नये. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवितां येतात. गॅस्केट बदलतां येतें. पिस्टन कनेक्टिंग रॉडसह वरून काढतां येतात. ओले लायनर नवे घालतां येतात. खालून रॉडचीं बेअरिंगें बदलतां येतात. इतकेंच नव्हे, तर क्रँकच्या मुख्य बेअरिंगाचा वरचा अर्धा भाग, जो क्रँक व ब्लॉक यांच्यामध्यें अडकलेला असतो, तोही क्रँकच्या तेलाच्या छिद्रांत एक लहानशी खुंटी बसवून क्रँक फिरवीत फिरवीत बाहेर सरकवितां येतो आणि त्याच रीतीनें नवा आंत घालतां येतो. ओल्या लायनरचें इंजिन असेल, ब्लॉक निर्दोष असेल व क्रँक मापांत असेल, तर ही दुरुस्ती पूर्ण वर्षानुवर्षें टिकते. तेथें इंजिन उतरविणें म्हणजे द्रव्याचा व दिवसांचा अपव्ययच.

याच्या उलट, कांहीं कामें अशीं आहेत कीं, तीं गाडीवर कोणत्याही कुशल हातानें होणार नाहींत. क्रँकच्या घांसल्या जाणाऱ्या भागांवर चरे पडले असतील किंवा ते वर्तुळाकार न राहतां लंबगोल झाले असतील, तर क्रँक बाहेर काढून खास यंत्रावर घासून पाव किंवा अर्धा मिलिमीटर लहान करावी लागते आणि त्या मापाचीं जाड बेअरिंगें घालावीं लागतात. मुख्य बेअरिंगांच्या जागा एका रेषेंत राहिल्या नसतील, ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग वांकला असेल, किंवा ब्लॉकला तडा गेला असेल, तरी इंजिन खालीं घेण्यावांचून गत्यंतर नाहीं. ओल्या लायनरची वरची कड ज्या खांचेवर बसते ती खांच खचली असेल, तर नवा लायनर कितीही चांगला असला तरी तो नीट टेंकणार नाहीं. लायनरची कड ब्लॉकच्या वर केवळ मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकीच यावी लागते. तें माप चुकलें कीं गॅस्केट फुटलेंच म्हणून समजावें.

आमच्या गाडीचा सिलिंडर थेट ब्लॉकांत कोरलेला, तिसऱ्या जातीचा होता. वृद्ध मिस्त्रीनें हेड उघडून एक पिस्टन काढला आणि सिलिंडरांत मापाचें घड्याळ उतरविलें. सिलिंडरची भिंत वरच्या टोकाजवळ, जेथें रिंगा वर येऊन उलट फिरतात तेथें, सर्वांत अधिक झिजते. आमच्या सिलिंडरांत वरचा व तळचा व्यास यांत दोन दशांश मिलिमीटरांहून अधिक फरक भरला. त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेली मर्यादा याच्या निम्मीही नव्हती. अशा निमुळत्या आणि लंबगोल झालेल्या नळींत मूळ मापाच्या गोल रिंगा घालणें म्हणजे चौकोनी डब्यावर वाटोळें झांकण ठेवण्यासारखें होतें. पहिल्या वेळीं आम्हीं नेमकें तेंच केलें होतें. मला सर्वांत अधिक बोंचलें तें हें कीं, हें माप घेण्यास अर्धा तास पुरला. आणि पहिल्या वेळींही हेड उघडलेलेंच होतें. तेव्हां कोणीं तें घेतलें नाहीं, आणि मीं तें घ्या असें सांगितलें नाहीं.

जुन्या घरांतील वाचकांस एक दाखला लगेच पटेल. जात्याच्या तळ्या वापरून गुळगुळीत झाल्या म्हणजे पीठ पडेनासें होतें, आणि टांकीवाल्यास बोलावून त्यांना टांकी लावून घ्यावी लागते. तळ्यांना टांकी न लावतां खुंटा मात्र नवा बसविला, तर दळणारणीचे श्रम वाढतील. पीठ वाढणार नाहीं. सिलिंडरची भिंतही कोरून झाल्यावर तिजवर बारीक तिरक्या रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहतें आणि रिंगा भिंतीशीं जुळून बसतात. नव्या रिंगा व जुनी झिजलेली भिंत हा आमचा पहिला उपाय नुसत्या नव्या खुंट्यासारखाच होता.

इंजिन उतरविलें. क्रँकच्या दोन जागांवर चरे आढळले; ती घासून घ्यावी लागली. सहाही सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे कोरले. परंतु मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें जुन्या रिंगा ओळीनें मांडल्या आणि मला दाखविलें कीं, सर्वांत वरची रिंग खालच्या रिंगांपेक्षां पुष्कळ अधिक झिजली आहे. धूळ तेलांतून आली असती तर खालची, तेलाची रिंग अधिक झिजली असती. वरची झिजली, अर्थीं धूळ हवेबरोबर आली. मग त्यानें हवेच्या फिल्टरपासून टर्बोचार्जरकडे जाणारी रबरी नळी चांचपून पाहिली. तिच्या वळणाच्या आंतल्या बाजूस भेग होती. फिल्टर नवाच होता. पण त्याच्या पुढेंच भेग असल्यामुळें रस्त्याची धूळ गाळली न जातां सरळ इंजिनांत शिरत होती. दोन वर्षें जो खर्च आम्हीं सोसला, त्याचें मूळ ही वीतभर लांबीची नळी होती. ती न बदलतां इंजिन दहा वेळां जरी बांधलें असतें, तरी दहाही वेळां तें पुन्हा झिजलें असतें.

आतां थोडें त्रैराशिक. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल समजावे. जागच्या जागीं दुरुस्तीचा खर्च १०० भाग धरूं, गाडी ५ दिवस उभी, दिवसाची बुडीत मिळकत ४ भाग, एकूण १२०. इंजिन उतरविण्याचा खर्च १९० भाग, गाडी १२ दिवस उभी, म्हणून ४८, एकूण २३८. भिंत व क्रँक मापांत असून जागची दुरुस्ती ५ वर्षें टिकली, तर दरमहा खर्च २ भाग पडतो. इंजिन उतरवून केलेलें काम तितकींच वर्षें टिकलें, तर दरमहा सुमारें ४. आणि भिंत मापाबाहेर असतांना केलेली जागची दुरुस्ती आमच्याप्रमाणें १४ महिन्यांत संपली, तर दरमहा साडेआठांहून अधिक! म्हणजे एकच मार्ग, एकच खर्च, आणि तो सर्वांत स्वस्त ठरतो किंवा सर्वांत महाग. यांतील निवाडा करणारी वस्तु कोणती, तर तें अर्ध्या तासाचें माप. म्हणून “स्वस्त कोणतें, महाग कोणतें?” हा प्रश्न आरंभीं विचारणेंच चुकीचें आहे. आधीं “माप काय आलें?” असें विचारावें.

चरकसंहितेंत चिकित्सास्थान फार पुढें येतें, निदानस्थान त्याच्या कितीतरी आधीं. आणि रोगांचे साध्य, याप्य व असाध्य असे भेद केलेले आहेत. इंजिनालाही हे भेद चांगले लागू पडतात. ब्लॉक व क्रँक निर्दोष असून सुटे भाग झिजले असतील तर दोष साध्य. जागच्या जागीं दुरुस्ती करावी. गाडी जुनी असून वर्षभरांत काढून टाकावयाची असेल, किंवा हंगाम तोंडावर असून केवळ तेवढा पार पाडावयाचा असेल, तर दोष याप्य समजावा. थोडक्या खर्चानें निभावून न्यावें, पण तो बरा झाला अशी आपली समजूत करून घेऊं नये. ब्लॉक तडकलेला असून गाडीची किंमतच खर्चाच्या मानानें थोडी असेल, तर तें असाध्य. अशा वेळीं दुसरें तयार इंजिन बसविण्याचा मार्ग असतो. मात्र इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणींत लिहिलेला असल्यामुळें इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयांत करून घ्यावी लागते, हें विसरूं नये.

नव्या गाड्यांविषयीं एक सूचना आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यापासूनच्या मालमोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते व इंजिनाचा कारभार विजेच्या नियंत्रकाकडे असतो. तेथें ओढ कमी झाल्यास इंजिनावर संशय घेण्यापूर्वीं त्या नियंत्रकांत नोंदलेले दोष यंत्र लावून वाचून घ्यावे. गाळणी चोंदल्यामुळेंही गाडी मंदावते.

शेवटीं कुटुंबप्रमुखांस माझी विनंती एवढीच. मिस्त्रीकडून प्रथम परीक्षेचा वेगळा दर ठरवून घ्यावा, म्हणजे परीक्षा टाळण्याचा मोह राहत नाहीं. हेड उघडण्यापूर्वींच मर्यादा कागदावर लिहून ठेवावी कीं, माप इतकें आलें तर इंजिन खालीं घ्यावयाचें, नाहीं तर नाहीं. कारण गाडी उघडून पडल्यावर, हप्त्याची तारीख जवळ आली असतां, मन आपल्याला हवें तेंच उत्तर शोधूं लागतें. काम आडोशाला, धुळीपासून दूर चालावें. प्रत्येक बेअरिंगाचें झांकण आपल्याच जागीं परत जावें. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानें, ताण मोजणाऱ्या पान्यानें, ठरल्या मापाइतके आवळावे. आणि दोषाचें मूळ सांपडल्याशिवाय नवा भाग बसवूं देऊं नये.

वहिनींच्या पाटल्या दुसऱ्या वेळीं गहाण पडल्याच. पहिल्या वेळीं त्या वांचविल्या म्हणून मी मनांतल्या मनांत धन्यता मानीत होतों. वस्तुतः त्या चौदा महिने उशिरा गेल्या, आणि मध्यंतरीं एका दुरुस्तीचा पैसा पाण्यांत गेला. त्यांनीं पाटल्या काढून देतांना एक शब्दही बोल लाविला नाहीं. इंजिन नीट चाललें, फेऱ्या नियमित झाल्या, आणि २०२४ सालच्या दिवाळीपूर्वीं पाटल्या सोडवून आणल्या. त्या हातांत घालतांना वहिनी इतकेंच म्हणाल्या, “भाऊजी, पुढल्या खेपेस आधीं मोजायला सांगा, आणि मग म्हण सांगा.” जन्मभर मुलांना गणित शिकविलेल्या माणसास हा धडा वयाच्या साठीनंतर घ्यावा लागला. वाचकांस तो आमच्या खर्चानें मिळत आहे. त्यांनीं तो अवश्य घ्यावा.